शंभराव्या पानाआधी थांबलेला वाचक

ऐरोलीच्या एका वाचकमंडळाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळाने इटालियन लेखक उंबेर्तो एको यांच्या दोन कादंबऱ्या इंग्रजी अनुवादातून लागोपाठ वाचायला घेतल्या, आधी ‘द नेम ऑफ द रोझ’ आणि मग ‘फूकोज पेंड्युलम’. पहिली निम्म्या सदस्यांनी पुरी केली, दुसरी जेमतेम दोघांनी. एका सदस्यांचे म्हणणे असे, की हे निव्वळ विद्वत्तेचे प्रदर्शन आहे आणि तोच ऐवज डॅन ब्राउन यांनी ‘द दा विंची कोड’मध्ये कितीतरी वाचनीय करून दिला आहे. दुसऱ्या सदस्यांना हे इतके झोंबले, की ज्यांना एको झेपत नाहीत त्यांनी शिवाजी सावंतच वाचावेत, असे त्या बोलून गेल्या. त्यावरून बैठकीत बरीच वादावादी झाली. अशा दाट, संदर्भांनी भरलेल्या ऐतिहासिक आणि कटकारस्थानाच्या कादंबऱ्यांबाबत आवडी इतक्या टोकाच्या का असतात आणि मंडळाने आता पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझी बहुतेक नोकरी ठाण्यात, वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयात, देवघेवीच्या टेबलामागे गेली. निवृत्तीनंतर वाशीत आणि ठाण्यात वाचकांच्या बैठका घेतो. त्यामुळे उत्तर समीक्षकाचे नाही, परत आलेली पुस्तके हाताळणाऱ्याचे आहे, असे समजून वाचावे.

परत आलेल्या जाड कादंबरीची कड पाहिली, की ती कुठवर वाचली गेली ते कळते. हाताळलेल्या पानांची कड मळकट आणि किंचित फुगलेली असते, न उघडलेल्या पानांची कोरी आणि घट्ट. पुष्कळदा रेषा ओढावी तशी ही सीमा दिसते, आणि तिथेच बसचे तिकीट किंवा औषधाच्या दुकानाची पावती खुणेसाठी घातलेली सापडते. वाचक बोलताना भिडेपोटी ‘छान आहे, पण वेळ नाही मिळाला’ म्हणतो. कड मात्र खरे सांगते. अशा कडा वर्षानुवर्षे पाहिल्यावर लक्षात येते, की जाड कादंबरी लोक कुठेही सोडत नाहीत. एक तर ती शंभराव्या पानाच्या आत सुटते, नाहीतर दोन तृतीयांश वाचून झाल्यावर. या दोन ठिकाणी सोडणारे वाचक वेगळे असतात आणि त्यांची तक्रारही वेगळी असते. आपल्या मंडळात या दोन तक्रारी एकच समजून भांडण झाले आहे, असे मला वाटते.

आधी पहिली तक्रार. ‘द नेम ऑफ द रोझ’ इटालियनमध्ये १९८० साली आली आणि विल्यम वीव्हर यांचा इंग्रजी अनुवाद १९८३ मध्ये. कथा १३२७ सालची, उत्तर इटलीतल्या एका मठात सात दिवसांत घडणारी, आणि वरवर पाहता सरळ खुनांच्या तपासाची. तरीही पहिली शंभर पाने वाचकाची कसोटी पाहतात. एको यांनीच नंतर लिहिलेल्या टिपणात सांगितले आहे, की हस्तलिखित वाचलेल्या मित्रांनी आणि संपादकांनी ही पाने कमी करा असे सुचवले होते आणि त्यांनी ते मानले नाही. ज्याला त्या मठात सात दिवस राहायचे आहे त्याने मठाची चाल पत्करली पाहिजे, आणि ज्याला ते जमणार नाही तो डोंगराच्या पायथ्याशीच राहील, असा त्यांचा पवित्रा होता. म्हणजे आपले अर्धे सदस्य जिथे अडले तिथे त्यांनी अडावे, हे लेखकाने ठरवूनच केलेले आहे. यात अडणाऱ्याचा कमीपणा नाही आणि लेखकाचा दोषही नाही.

मात्र मराठी वाचकाच्या वाटेत आणखी काही अडथळे येतात, ज्यांचा लेखकाने विचार केलेला नव्हता. एक तर आपण इटालियन कादंबरी इंग्रजीतून वाचतो, आणि तीत जागोजागी लॅटिन उतारे अनुवाद न करता तसेच ठेवलेले आहेत. त्यांचे अर्थ देणारे स्वतंत्र पुस्तक पुढे निघाले, पण पहिल्या वाचनात ते जवळ ठेवू नये असे माझे मत आहे. लॅटिन न कळताही गोष्ट अडत नाही, आणि दर पानाला दुसरे पुस्तक उघडणारा माणूस चाळीस पानांत थकतो. दुसरे असे, की पोप बावीसावा जॉन आणि सम्राट लुई यांचे वैर, येशूच्या मालकीचे काही होते की नव्हते यावरून फ्रान्सिस्कन साधूंनी मांडलेला वाद, यांतले काहीच आपल्या कानांवरून गेलेले नसते.

उलट विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ घ्या. १९८८ साली आलेल्या या कादंबरीत सरदारांची नावे, फौजेचे मुक्काम, रसद, पैशाची टंचाई, यमुनेचा उतार यांचा भार काही थोडा नाही. तरी पुस्तकाला बारा महिने मागणी असायची आणि कड शेवटपर्यंत मळलेली असायची. कारण भाऊसाहेब, विश्वासराव, दत्ताजी ही मंडळी शाळेतून, घरातून, पोवाड्यातून वाचकाच्या ओळखीची झालेली असतात. शेवट काय होणार हेही त्याला ठाऊक असते आणि त्या १४ जानेवारी १७६१ पर्यंत पोचण्यासाठी तो कितीही तपशील सोसतो. हीच कादंबरी मिलानमधल्या वाचकाच्या हाती दिली, तर होळकर, शिंदे, नजीबखान, सुजाउद्दौला यांत तो साठाव्या पानापर्यंत गोंधळून जाईल आणि पाल्हाळ म्हणून बाजूला ठेवील. पुस्तकाचा दाटपणा पुष्कळसा वाचकाने सोबत काय आणले आहे यावर ठरतो. म्हणूनच ‘एको झेपत नाहीत त्यांनी सावंत वाचावेत’ हे बोलणे मला अन्यायाचे वाटते, आणि सावंतांवरही अन्यायाचे.

आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीने वाचकाला एक सवय लावली आहे, तीही इथे आड येते. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’त आपण माधवरावांच्या दरबारात शिरतो ते रमाबाईंच्या आणि त्यांच्या नात्याचा हात धरून, कागदपत्रे मागे राहतात. एको असा हात देत नाहीत. तरुणपणीची हकीकत म्हातारपणी सांगणारा आद्सो हा निवेदक आहे खरा, पण तो जिव्हाळ्यापेक्षा कुतूहलाने पाहतो, आणि मठाच्या दरवाजावरच्या कोरीवकामाचे वर्णन पाने भरून करतो. ज्यांना माणसामागून जायची सवय आहे त्यांना इथे कोरडे वाटणार, आणि ज्यांना जागेत, काळात, वस्तूंत रमायला आवडते त्यांना हीच पाने सर्वांत गोड लागणार. असे दोन्ही वाचक मी एकाच घरात पाहिले आहेत. कॉलेजात शिकणारी मुलगी कोरीवकामाची पाने दोनदा वाचणारी, आणि तिची आई ती उलटून थेट खुनावर जाणारी. दोघींना कादंबरी मनापासून आवडली.

वाचण्याच्या जागेचाही परिणाम होतो, आणि ठाणे-नवी मुंबईत त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ठाणे ते वाशी हा गाडीतला प्रवास अर्ध्या तासाच्या आसपासचा. त्यातही ऐरोली-घणसोलीपर्यंत उभे राहावे लागले तर वाचायला उरतात पंधरा-वीस मिनिटे. ‘दा विंची कोड’ची प्रकरणे इतकी आखूड आहेत, की या वेळेत दोन-तीन सहज होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी पुढचे वाचायची ओढ लागते. एको यांचे पान अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले, तर कोण कुणाशी का वाद घालत होते हेच आठवत नाही. ज्या सदस्यांनी ही पुस्तके केवळ प्रवासात वाचायचा प्रयत्न केला, त्यांनी पहिली शंभर पाने एखाद्या सुट्टीच्या दिवशी सलग वाचून पाहावीत. त्यानंतरही नाही आवडले, तर ती खरी नावड.

आता दुसरी तक्रार, दोन तृतीयांशावरची. ही ‘फूकोज पेंड्युलम’ची, आणि माझ्या मते अधिक विचार करण्याजोगी. इथवर आलेला वाचक आळशी नसतो. तो थकून नव्हे, तर विश्वास उडाल्यामुळे पुस्तक ठेवतो.

ज्यांनी पुस्तक सोडले त्यांच्यासाठी कथासूत्र सांगतो, आणि पुढचा एक उलगडाही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना पुन्हा हाती घ्यायचे आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. मिलानमधल्या एका प्रकाशनसंस्थेत काम करणारे काझोबोन, बेल्बो आणि दियोतालेव्ही हे तिघे गूढविद्येवरची विक्षिप्त हस्तलिखिते वाचून वाचून कंटाळतात आणि चेष्टा म्हणून सगळ्या इतिहासाला एका सूत्रात ओवणारा भव्य कट स्वतःच रचू लागतात. मध्ययुगातले टेम्पलर हे लढवय्ये साधू, रोझिक्रुशियन हा गुप्तपंथ, कब्बाला ही ज्यूंची गूढविद्या, सगळे त्यात येते. मग बाहेरची माणसे तो कट खरा मानू लागतात, आणि रचणाऱ्यांचेही भान सुटत जाते. ज्या जुन्या कागदावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो काझोबोनची जोडीदार लिया शांतपणे वाचते आणि दाखवून देते, की ही एका व्यापाऱ्याची माल पोचवण्याची यादी आहे: गवत, कापड, गुलाब. पाचशेहून अधिक पानांचा व्यूह एका बाईच्या व्यवहारज्ञानापुढे कोसळतो. कटाच्या कादंबऱ्यांत इतका सुंदर प्रसंग मी दुसरा वाचलेला नाही.

अडचण अशी, की त्या प्रसंगाची चव कळण्यासाठी आधीचा ढिगारा स्वतः उपसलेला असावा लागतो. एको वाचकावर संदर्भांचा मारा करतात तो त्याला शिकवण्यासाठी नाही. कटावर विश्वास कसा बसत जातो ते त्याच्या अंगावर घडवण्यासाठी. एक नाव दुसऱ्या नावाचा दाखला देते, दुसरे तिसऱ्याचा, आणि एवढे सगळे जुळते म्हणजे काहीतरी असलेच पाहिजे, असे वाटू लागते. ज्यांना हे उमगले त्यांना मधली दोन-अडीचशे पाने हसू आणतात. ज्यांनी प्रत्येक संदर्भ प्रामाणिकपणे लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, त्यांची दमछाक होते, आणि लेखक आपली फिरकी घेतो आहे असे कळल्यावर राग येतो. आपल्या मंडळातला एखादा कसोशीने टिपणे काढणारा सदस्य याच टप्प्यावर गळाला असेल, तर मला नवल वाटणार नाही. ही कादंबरी टिपणे न काढता, अर्धे डोक्यावरून जाऊ देत वाचायची आहे. इतके सांगूनही माझे मत नोंदवतो, की मधला भाग लांबलेला आहे आणि त्यातून शंभर पाने कमी झाली असती तर काही बिघडले नसते. ‘रोझ’च्या पहिल्या शंभर पानांबद्दल मी असे म्हणणार नाही.

डॅन ब्राउन यांच्याशी केलेली तुलना इथे विचारात घ्यावी लागते, कारण ऐवज खरोखरच पुष्कळ सारखा आहे. ‘पेंड्युलम’ १९८८ ची, ‘दा विंची कोड’ २००३ ची. डॅन ब्राउन हे माझ्याच कादंबरीतले एक पात्र आहे, असे एको एका मुलाखतीत गमतीने म्हणाले होते, आणि त्या गमतीत तथ्य आहे. एको यांची पात्रे ज्या गोष्टी रचतात त्याच गोष्टी ब्राउन यांची पात्रे शोधून काढतात. ब्राउन यांच्या पुस्तकाच्या आरंभी ‘वस्तुस्थिती’ अशा मथळ्याखाली एक पान आहे. त्यात प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संस्था खरी असल्याचे सांगितले आहे. प्रत्यक्षात या नावाची संस्था पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थांनी फ्रान्समध्ये १९५६ साली नोंदवली, आणि तिचा प्राचीन वारसा सांगणारे बनावट कागद १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले.

हे कळल्यावर काही वाचक फसवले गेल्यासारखे चिडतात, आणि काही म्हणतात, मग काय झाले, रात्र मजेत गेली ना? इथे आवडीतला फरक सर्वांत खोल आहे असे मला वाटते. काही वाचकांना कादंबरीचा इतिहासाशी ताळा जुळलेला हवा असतो, काहींना नको असतो. मी स्वतः पहिल्यांतला, पण दुसऱ्यांना नावे ठेवायचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न मराठी माणसाने आधी घरात विचारावा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, इथपर्यंत इतिहास. आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही गोष्ट मात्र घरोघरी पक्की असली तरी इतिहासकार तिच्याबाबत सावध असतात. ती गोष्ट नसलेली नारायणरावांवरची कादंबरी किती जणांना आवडेल?

अर्थात, चलता है म्हणून सोडून देण्यासारखेही हे सगळे नाही. ज्यूंच्या जागतिक कटाचा पुरावा म्हणून १९०३ मध्ये रशियात छापली गेलेली ‘प्रोटोकॉल्स’ ही बनावट संहिता मोरीस झोली यांच्या १८६४ च्या एका राजकीय उपहासग्रंथातून उचललेली आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये उघड केले, तरीही तिच्यावर विश्वास ठेवणारे ठेवत राहिले आणि पुढे त्याची किंमत लाखोंनी मोजली. एको यांनी २०१० मध्ये ‘द प्राग सिमेटरी’ लिहिली ती याच बनावटीवर. हे ठाऊक असलेला वाचक कटाच्या कादंबरीतले ‘वस्तुस्थिती’चे पान सहज उलटू शकत नाही. आपल्या दुसऱ्या सदस्यांचा राग या बाजूने आला असेल, तर तो मला समजतो.

मंडळात हा वाद पुन्हा न चिघळता व्हावा, म्हणून एक विषय सुचवतो. तो ठाण्याचाच आहे. दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या पंढरपुरातल्या खुनाबद्दल इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते, तोच किल्ला जो १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतला आणि जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते, कैद्याने कुणाला फितवू नये म्हणून. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. सांगतात असे, की एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणत असे, आणि त्या गाण्यांतूनच पळून जाण्याचा बेत कैद्यापर्यंत पोचला. पहाऱ्यावरच्या शिपायांना मराठी कळत नसल्यामुळे कुणाला संशय आला नाही. १८२५ मध्ये या भागात आलेल्या बिशप हेबर यांनी ही हकीकत टिपून ठेवली आणि गाण्याला इंग्रजी पद्याचे रूप दिले. म्हणजे मूळ मराठी ओळी आपल्यापर्यंत पोचल्या आहेत त्या एका परक्या माणसाच्या कानांतून, घटनेनंतर आठ-नऊ वर्षांनी.

आता प्रत्येक सदस्याला विचारा: यावरची कोणती कादंबरी तुम्ही विकत घ्याल? एक लेखक हे सगळे सहा पानांत उरकील. रात्र, पाऊस, दोर, खाडीपलीकडे उभा घोडा. दुसरा लेखक किल्ल्याचे बांधकाम, पुण्यातले इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यांची पत्रे, पहाऱ्याच्या पाळ्या, मोतद्दाराची जात आणि पगार, गाण्याची चाल यांवर शंभर पाने घालवील आणि पळून जाणे एका ओळीत सांगेल. तिसरा शंका काढील, की गाणे खरोखर होते का, की फजिती झाकण्यासाठी नंतर कुणी ही गोष्ट रचली? ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ त्रिंबकजींवरच आहे. चर्चेआधी ती सर्वांनी वाचावी, म्हणजे बोलायला सामाईक आधार राहील आणि ती या तिघांपैकी कुणाच्या जवळ जाते ते आपापले ठरवता येईल.

दाट कादंबरी चांगली की नुसती फुगलेली, हे ओळखायला मी स्वतः एक खूण वापरतो आणि ती वाद मिटवायला पुष्कळदा उपयोगी पडली आहे. पुस्तकातला एखादा जड संदर्भ निवडावा आणि पाहावे, की तो काढून टाकला तर कुणा पात्राचा निर्णय बदलतो का. ‘रोझ’मध्ये ॲरिस्टॉटलच्या हरवलेल्या ग्रंथाविषयीची विद्वत्ता काढली, तर खुनामागचे कारणच उरत नाही, ती तिथे हवीच. पण पेशवाईवरच्या आपल्याकडच्या कित्येक कादंबऱ्यांत दागिन्यांच्या, पक्वान्नांच्या आणि पोशाखांच्या याद्या पानोपानी येतात. त्या काढल्या तर काहीच हलत नाही. अशा पुस्तकावर कुणी कंटाळून शेरा मारला, तर त्याला अरसिक म्हणू नये.

पुढच्या वाचनाबाबत इतकेच सुचवतो. ज्यांनी ‘रोझ’ शंभराच्या आत सोडली, त्यांनी तीच पुन्हा घ्यावी, सलग वेळ काढून आणि लॅटिनकडे काणाडोळा करून. ज्यांनी ‘पेंड्युलम’ दोन तृतीयांशावर सोडली, त्यांनी सगळे पुन्हा वाचू नये. लिया तो कागद उलगडते ते प्रकरण तेवढे वाचावे आणि मग पुढे जायचे की नाही ते ठरवावे. ज्या सदस्यांना डॅन ब्राउन आवडले, त्यांना बैठकीत प्लांतार प्रकरणावर पंधरा मिनिटे बोलायला सांगावे. त्यांना ऐवज आवडतो आहे, तेव्हा तयारी ते आनंदाने करतील, आणि बहुधा इतरांपेक्षा चांगली करतील. आणि दोन जाड पुस्तके लागोपाठ घेऊ नयेत; मध्ये एखादा पातळ कथासंग्रह ठेवावा.

राहता राहिला तो झोंबलेला शेरा. त्या सदस्यांनी ‘छावा’ किंवा ‘मृत्युंजय’ अलीकडे पुन्हा वाचली आहे का, हे एकदा सहज विचारून पाहा.